तहान की पूर?

काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीने मुंबईच्या रस्त्यांचा अखेरचा निरोप घेतला तो २०२३ सालच्या ऑक्टोबरअखेर. वर्तमानपत्रांनी छायाचित्रे छापली, जुन्या मुंबईकरांनी उसासे टाकले, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या त्या ठेंगण्याठुसक्या गाडीचा अध्याय संपला. त्या उसाशांत कार्ब्युरेटर या एका लहानशा यंत्राची आठवण मात्र माझ्या वाचनात कुठे आली नाही. नव्या मोटारींतून तो २००० सालच्या सुमारास हद्दपार झाला. धुराचे नवे नियम २०२० साली लागू झाले तेव्हा बहुतेक दुचाकींवरूनही उतरला. माझ्या वर्गात मी परवा विचारले, "चोक म्हणजे काय रे?" एक चुणचुणीत मुलगा म्हणाला, "गुरुजी, मोरीची नळी होते ती." त्याचे काय चुकले? त्याच्या घरच्या गाडीला चोक नाही, आणि मोरी आहे.

पण ज्या गृहस्थांचा जुन्या मोटारीशी संसार झाला आहे, त्यांना हिवाळ्यातली ती सकाळ आठवत असेल. गाडी सुरू होत नाही, स्टार्टर कण्हतो आहे, बॅटरी मलूल होत चालली आहे, आणि सगळीकडे पेट्रोलचा घमघमाट सुटला आहे. शेजारी खिडकीतून सल्ले देत आहेत. अखेर कोणी तरी जाणता म्हणतो, "अहो, थांबा आता. ओव्हरफ्लो झालीय. अर्धा तास तिला हात लावू नका." इंजिन पेट्रोलाने बुडते त्याला आपल्याकडे हाच शब्द रूढ आहे. गाडीच्या आजारांत हा आजार तसा किरकोळच, सर्दीपडशाच्या जातीचा. परंतु याच किरकोळ आजाराने एका काळी आकाशात माणसांच्या जिवाशी खेळ मांडला होता. इतिहास म्हटला की आपल्याला तलवारी, तह आणि सनावळ्या आठवतात. मी मात्र आज एका भोकाचा इतिहास सांगणार आहे. भोक तेही एवढेसे, की शिंप्याच्या बोटातल्या टोपणात मावावे.

तत्पूर्वी यंत्र थोडे समजून घ्यायला हवे. स्त्रीवर्गाने येथे पान उलटू नये, कारण ही गोष्ट त्यांना पुरुषांपेक्षा लवकर कळेल. चकलीच्या पिठात मोहन किती घालायचे, हे ज्या घरात ठाऊक आहे त्या घरात कार्ब्युरेटर कळलाच म्हणून समजा. मोहन कमी पडले तर चकली दाताला दाद देत नाही. जास्त झाले तर तेलात पडताच विरून जाते. इंजिनाचेही तसेच आहे. पेट्रोल नुसते जळत नाही, हवेबरोबर जळते. आणि वजनाने एक भाग पेट्रोलाला सुमारे पंधरा भाग हवा असे साधारण प्रमाण पडते. हवा वाढली तर मिश्रण पेट घेत नाही. पेट्रोल वाढले तरीही पेट घेत नाही. गंमत अशी की दोन्ही वेळा इंजिन खोकते ते जवळपास सारख्याच आवाजात. या पुढच्या सगळ्या हकिगतीचे मर्म त्या सारख्या आवाजात आहे.

हे प्रमाण राखायचे काम कार्ब्युरेटर करतो. त्याच्या पोटात एक लहानशी डबी असते. तिच्यात पेट्रोल साठते आणि त्यावर एक पोकळ फ्लोट तरंगतो. पाण्याच्या टाकीतला बॉल आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. पाणी चढले की बॉल वर येतो आणि नळ बंद करतो, पाणी उतरले की नळ उघडतो. इथेही तोच न्याय. पेट्रोल चढले की फ्लोट एका सुईला वर रेटतो आणि ती सुई पेट्रोलची वाट बंद करते. डबीच्या तळाशी बारीक तोटी असते. तिच्या वाटे पेट्रोल हवेच्या झोतात शिंपडले जाते. बस्स, एवढेच. न कंटाळता, न पगारवाढ मागता, हा पितळी पहारेकरी दारावर उभा असतो.

ही युक्ती एका दिवसात सुचलेली नाही. कार्ल बेंझने १८८६ साली पेटंट घेतलेल्या तीनचाकीत पेट्रोलावरून हवा नेऊन तिची वाफ उचलायची अशी ओबडधोबड व्यवस्था होती. त्याची पत्नी बर्था १८८८ साली दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, तीच गाडी मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी घेऊन गेली. वाटेत वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून तिने इंधन विकत घेतले, आणि इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीची टाचणी घालून ती मोकळी केली. कार्ब्युरेटरचा पहिला नामांकित वैद्य म्हणायचा तर या बाईंनाच म्हणावे लागेल. पुढे १८९३ च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाखने आणि हंगेरीत बांकी आणि चोंका या जोडीने पेट्रोल शिंपडणारा कार्ब्युरेटर काढला. या जोडीला ही कल्पना फुलांवर पाणी शिंपडणाऱ्या मुलीला पाहून सुचली, अशी कथा हंगेरीत सांगतात. शोधांच्या मागे अशी एखादी मुलगी उभी करण्याची लोकांना हौस असते. मी ती कथा म्हणूनच घेतो. इंग्लंडात मात्र कार्ब्युरेटरचा संबंध आला तो चपलांच्या धंद्याशी! स्किनर नावाचे कुटुंब पादत्राणांचे मोठे व्यापारी. त्यांच्यातल्या भावाभावांनी १९०५ च्या सुमारास एक नव्या तऱ्हेचा कार्ब्युरेटर केला. त्यातला आतबाहेर होणारा भाता कशाचा, तर कातड्याचा. ज्याच्या घरात जे पिकते ते तो वापरतो. या स्किनर मंडळींचा कार्ब्युरेटर 'एस. यू.' या नावाने प्रसिद्ध झाला. आपल्याकडच्या जुन्या मॉरिस मायनर ज्यांनी उघडून पाहिल्या आहेत, त्यांना ही दोन अक्षरे ओळखीची असतील. ती ध्यानात ठेवावीत, पुढे लागणार आहेत.

माझ्या मामांकडे एक फियाट ११०० होती. मी शाळकरी असताना एकदा आम्ही तिच्यातून कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालो. आंबा घाट अजून दूर होता, तोच तिने खोकायला सुरुवात केली. वेगात असली की बरी चाले. हळू केली की आचके देई आणि मागून काळा धूर सोडी. मामांनी तात्काळ निदान केले, "पेट्रोल पोचत नाही तिला." आणि चोक ओढला. चोक ओढणे म्हणजे हवा कमी करून पेट्रोलचे प्रमाण वाढवणे. गाडी दोन आचके देऊन बंद पडली. मामांनी चोक आणखी ओढला. मामी म्हणाल्या, "अहो, वास किती येतोय!" पण त्या काळी मोटारीच्या बाबतीत मामींचे मत विचारात घेण्याची पद्धत नव्हती.

घाटाखालच्या गावातले एक वयस्कर मिस्त्री आले. त्यांनी हत्यार काढले नाही. आधी नुसता वास घेतला. मग एक प्लग काढून हातरुमालावर टेकवला. प्लग काजळीने काळा आणि चिंब ओला. "साहेब," ते म्हणाले, "ही तहान न्हवं. पूर आलाय हिला. तुम्ही बुडत्याला पाणी पाजताय." त्यांनी चोक आत ढकलला आणि पाच मिनिटे विडी ओढली – गाडीपासून चांगली वीस पावले लांब जाऊन, हे सांगितले पाहिजे. मग मामांना सांगितले की पॅडल तळाला टेकवून धरा आणि स्टार्टर मारा. भरपूर हवा आत गेली, साचलेले पेट्रोल बाहेर फेकले गेले आणि इंजिन एकदा गरजून चालू झाले.

मामा पैसे काढू लागले. मिस्त्री म्हणाले, "अजून कुठं? पूर ओसरला, पण धरण फुटलंय कुठं ते नको का बघाय?" पुढचा एक तास मी त्यांच्याजवळून हाललो नाही. पेट्रोल दारावर थांबत नाही, याला कारणे असतात चार. सुईच्या टोकाशी कचरा अडकला असेल. सुई झिजली असेल. पंप जोराने रेटत असेल, म्हणजे बिचारी सुई असूनही दार लोटले जात असेल. किंवा फ्लोटच बुडला असेल. मिस्त्रींनी सुई काढून जिभेवर धरली, ओढून पाहिली; ठीक होती. मग फ्लोट काढला आणि माझ्या कानाशी हलवला. आत डुचमळल्याचा आवाज! शेजारच्या चहाच्या टपरीवरून गरम पाणी मागवून त्यांनी तो त्यात बुडवला. उष्णतेने आतली हवा फुगली, आणि सांध्यापाशी बुडबुड्यांची एक बारीक माळ वर आली. सुईच्या अग्राएवढे छिद्र. त्यातून पेट्रोल आत शिरले होते, फ्लोट जड होऊन खाली बसला होता, आणि खाली बसलेला फ्लोट एकच निरोप देतो, 'डबी रिकामी आहे, येऊ द्या.' आतले पेट्रोल पुरते घालवून, वाळवून, मगच त्यांनी त्यावर डाग दिला. पेट्रोल आत असताना डाग देणारा मिस्त्री दुसऱ्यांदा डाग द्यायला उरत नाही, हेही जाता जाता सांगितले.

आता वाचकांनी माझ्याबरोबर १९४० सालच्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर यावे. फ्रान्स पडला आहे. १० जुलैपासून ३१ ऑक्टोबरपर्यंत ब्रिटिश आणि जर्मन विमानांची जी झुंज चालली तिला 'ब्रिटनची लढाई' म्हणतात. ब्रिटिशांच्या बाजूने सुमारे तीन हजार वैमानिक लढले. त्यांतले पाचशे चव्वेचाळीस त्या लढाईत गेले. बहुतेकांची वये आपल्या कॉलेजातल्या मुलांएवढी. त्यांच्या स्पिटफायर आणि हरिकेन या विमानांत रोल्स-रॉइसचे 'मर्लिन' इंजिन होते. बारा सिलिंडर, सत्तावीस लिटर, हजार घोड्यांची ताकद. आणि या राजेशाही इंजिनाच्या अंगावर कार्ब्युरेटर कोणाचा, तर त्याच चपलावाल्या स्किनर मंडळींचा, एस. यू.! त्याच्याही पोटात तसलीच डबी, तसलाच फ्लोट आणि तसलीच सुई.

जमिनीवर फ्लोटला एक गोष्ट गृहीत धरता येते. खाली म्हणजे खाली आणि वर म्हणजे वर. घाटात गाडी थोडी कलते, पण उलटी होत नाही. आपल्याकडे जुनी स्कूटर एका अंगावर कलती करून मग किक मारणारे गृहस्थ असत. कलवल्याने फ्लोटची पातळी ढळते आणि चार थेंब जास्तीचे आत येतात, असा त्याचा खुलासा मेकॅनिक करीत. विमानात मात्र ही ढळाढळ चार थेंबांवर भागत नाही. जत्रेतला पाळणा वरून झपकन खाली येतो तेव्हा पोटात गोळा उठतो ना? विमानाने एकदम नाक खाली घातले की तसेच होते, पण त्याहून कितीतरी पट जोराने. वैमानिक पट्ट्यांत लोंबकळतो, पायाखालची धूळ छताला जाते. आणि डबीतले पेट्रोलही छताला जाते.

जर्मनांचे मेसरश्मिट १०९ हे विमान या आजारापासून मुक्त होते. त्याच्या डाइम्लर-बेंझ इंजिनाला कार्ब्युरेटरच नव्हता. पंपाने पेट्रोल थेट सिलिंडरात फवारले जाई. त्यामुळे इंग्रज पाठीस लागला की जर्मन वैमानिक दांडा पुढे लोटी आणि सरळ नाक खाली घालून सटके. त्याच्या मागे तसेच जावे तर मर्लिन खोके, काळ्या धुराचा लोट सोडी आणि मोक्याच्या क्षणी गप्प होई. पाठलाग करणाऱ्याचे इंजिन गप्प झाले की सावज निसटे, हे एक झाले. पण जो स्वतःच सावज आहे, ज्याच्या शेपटीवर बंदुका लागल्या आहेत, त्याला खाली सूर मारून निसटण्याचा सर्वांत सोपा मार्ग बंद होता. ब्रिटिश वैमानिकांनी यावर तोड काढली होती. आधी विमान पाठीवर उलटे करायचे आणि मग सूर मारायचा, म्हणजे पेट्रोल डबीच्या तळाशीच दाबले जाई. युक्ती नामी होती. पण त्या उलटण्यात जे एकदोन सेकंद जात, तेवढ्यात १०९ पार दूर गेलेले असे.

इंग्रज इंजिनियर इतके बावळट कसे, असा प्रश्न येथे पडेल. ते बावळट नव्हते. आपण माठातले पाणी पितो ते गार का लागते? बाहेर झिरपलेले पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते. मर्लिनमध्ये पेट्रोल आधी हवेत मिसळे आणि मग ती हवा दाबयंत्रात जाई. उडणाऱ्या पेट्रोलाने हवा गार होई, गार हवा दाट असते, दाट हवेत जास्त पेट्रोल जळते आणि ताकद वाढते. हा फायदा रोल्स-रॉइसने जाणूनबुजून घेतला होता. प्रत्येक सोयीच्या पोटात एखादी गैरसोय दडलेली असते. ती बाहेर पडायला शत्रूच लागला.

आता निदानाकडे येऊ. डबीतले पेट्रोल छताला गेले की तळाची तोटी कोरडी पडणारच. मग इंजिन उपासमारीने खोकले, असे कोणालाही सहज वाटावे. आणि हे खोटेही नव्हते! पहिला खोकला खरोखरच उपासाचा होता. पण तो सेकंद-दीड सेकंदाचा. खरा घात त्याच्या पुढे होता. पेट्रोल छताला गेले म्हणजे त्याचा पृष्ठभाग आता खालच्या बाजूला झाला, आणि इमानी फ्लोट पृष्ठभागाकडे, म्हणजे तळाकडे गेला. तळाशी गेलेल्या फ्लोटचा निरोप काय, तो आमच्या मिस्त्रींनी सांगितलाच आहे. 'डबी रिकामी आहे, येऊ द्या!' सुई सताड उघडली. पंप तर इंजिनाला लागेल त्याच्या कितीतरी जास्त पेट्रोल रेटायला समर्थ. डबी तुडुंब भरली, कार्ब्युरेटरच्या घशात पेट्रोल उतू गेले, मिश्रण इतके दाट झाले की पेट घेईना. काळा धूर हा त्या न जळलेल्या पेट्रोलचा. विमान सरळ केले तरी साचलेला पूर ओसरेपर्यंत इंजिन गुदमरलेलेच. तहानेचा आचका क्षणाचा होता. जीव घेत होता तो पूर.

हे दोन आजार वेगळे काढणे आणि त्यांतला मारक कोणता आणि किरकोळ कोणता ते ठरवणे, हे काम लंडनच्या नैऋत्येला फार्नबरो येथील सरकारी विमानसंशोधन संस्थेत झाले. ते ज्यांच्या हातून झाले त्या बाई होत्या. नाव बीट्रिस शिलिंग. जन्म ८ मार्च १९०९. वडील खाटीक. चौदाव्या वर्षी या मुलीने स्वतःची मोटारसायकल घेतली, रॉयल एनफील्ड. ज्या काळात मुलींनी मोटारसायकलीच्या मागे बसणेही धाडसाचे समजले जाई, त्या काळात ती इंजिन खोलून पुन्हा जोडीत असे. मँचेस्टर विद्यापीठातून १९३२ साली तिने विजेच्या इंजिनियरिंगची पदवी घेतली, पुढे यंत्रशास्त्रात आणखी एक, आणि १९३६ साली ती फार्नबरोला रुजू झाली. काम कोणते, तर तांत्रिक पुस्तिका लिहिण्याचे! इंजिनियर बाई हाती आली तर तिला लेखणीवर बसवायचे, ही रीत केवळ आपल्याकडचीच नाही, हे वाचून मला थोडे बरे वाटले. पण शिलिंगबाई लेखणीवर बसून राहणाऱ्यांतल्या नव्हत्या. लवकरच त्या कार्ब्युरेटरच्या कामावर गेल्या आणि त्यातल्या अधिकारी समजल्या जाऊ लागल्या.

रविवारी त्या ब्रुकलँड्सच्या शर्यतपट्टीवर असत. स्वतः जोडलेल्या नॉर्टनवर बसून १९३४ साली त्यांनी ताशी १०६ मैलांच्या वेगाने फेरी पूर्ण केली. शंभर मैलांच्या वर जाणाऱ्याला तिथे सुवर्णतारा मिळे. तो बाईंना मिळाला. जॉर्ज नेलर या सहकाऱ्याशी त्यांचे लग्न १९३८ साली झाले. 'तूही सुवर्णतारा मिळव, मग बोहल्यावर उभी राहते,' अशी अट त्यांनी घातली होती म्हणतात. अट खरी की खोटी कोण जाणे, पण नेलरसाहेबांनी तारा मिळवला एवढे खरे. आपल्याकडे हुंड्याच्या वाटाघाटी ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना ही अट निश्चितच रुचेल.

पुराचे निदान झाल्यावर इलाज दोन तऱ्हांचा होता. एक म्हणजे फ्लोटवाचून चालणारा नवा कार्ब्युरेटर करणे. ते योग्य, परंतु त्याला वर्षे लागणार. लढणाऱ्या मुलांना वर्षे नव्हती. शिलिंगबाईंनी वेगळा प्रश्न विचारला. मर्लिन पूर्ण ताकदीने चालत असताना त्याला जास्तीत जास्त किती पेट्रोल लागते? मग त्याहून जास्त पेट्रोल डबीपर्यंत येऊच का द्यायचे? त्यांनी पितळेची एक टोपी केली, शिंपी सुई ढकलायला बोटात घालतो तसली, आणि तिला मधोमध नेमक्या मापाचे भोक पाडले. पुढे तीही साधी होऊन नुसती भोकाची चकती उरली. ही चकती कार्ब्युरेटरकडे येणाऱ्या पेट्रोलच्या नळीत बसवायची. आता फ्लोट कितीही फसला, सुई कितीही सताड उघडली, तरी आत येणार इंजिन पचवू शकेल तेवढेच. पूर यायला पाणीच नाही. पहिला, उपासाचा खोकला तेवढा राहिला. तो क्षणभराचा, आणि वैमानिकाला सोसण्यासारखा. भोकाचे माप मात्र चालढकलीचे नव्हे. लहान पडले तर ऐन चढाईत ताकद कमी पडणार, मोठे झाले तर पूर पुन्हा येणार. पुन्हा आपले चकलीचे मोहन!

या इलाजाचे मोठे भूषण हे की त्यासाठी विमान कारखान्यात न्यावे लागत नव्हते. बाई आपली छोटी तुकडी घेऊन विमानतळामागून विमानतळ फिरल्या आणि जागच्या जागी चकत्या बसवीत गेल्या. १९४१ सालच्या मार्चपर्यंत लढाऊ विमानदलाच्या सर्व तळांवर हे काम उरकले. वैमानिकांनी त्या चकतीला एक नाव ठेवले. भोकाला इंग्रजीत ऑरिफिस म्हणतात. 'मिस शिलिंग्ज ऑरिफिस' असे ते नाव. त्यात थोडा बराकीतला चावटपणा आहे. हा अंक घरातल्या लहानथोरांच्या हाती जाणार, म्हणून अधिक फोड करीत नाही. बाईंचे लग्न होऊन दोन वर्षे उलटून गेली होती, तरी वैमानिकांच्या लेखी त्या 'मिस'च राहिल्या.

या बाईंनी ब्रिटनची लढाई जिंकून दिली, असे विधान हल्ली उत्साहाने केले जाते. सनावळी डोळ्यांपुढे ठेवली तर ते टिकत नाही. लढाई १९४० च्या ऑक्टोबरअखेर संपली, आणि चकत्या बसल्या त्या पुढच्या मार्चपर्यंत. त्या उन्हाळ्यात जे लढले आणि जे पडले ते सदोष कार्ब्युरेटर घेऊनच. त्यांची तोड ती विमान उलटे करण्याचीच. त्यांच्या वाट्याचे श्रेय चकतीला देणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. आणि चकतीला तशा उसन्या श्रेयाची गरजही नाही. ती आली तेव्हा युद्धाची चार वर्षे अजून बाकी होती, मर्लिन इंजिने हजारोंनी उडत होती, आणि त्या वैमानिकांना नाक खाली घालून शत्रूमागे जाता येऊ लागले. मात्र विमान फार वेळ उलटे उडवणे तिच्याने साधले नाही. तो प्रश्न पुरता सुटला १९४३ साली, बेंडिक्सचा दाबावर चालणारा कार्ब्युरेटर आला तेव्हा. त्यात फ्लोटला रजाच दिलेली होती.

युद्धानंतरही शिलिंगबाई फार्नबरोलाच राहिल्या. ब्लू स्ट्रीक या क्षेपणास्त्रापासून ते ओल्या धावपट्टीवर विमानाची चाके का घसरतात इथपर्यंत नाना विषय त्यांनी हाताळले. सरकारने ओ. बी. ई. ही पदवी दिली. रविवारचा छंद सुटला नव्हता. मोटारसायकल जाऊन मोटार आली एवढेच. नवरा-बायको मिळून शर्यतीच्या गाड्या खोलीत आणि जोडीत. १९६७ साली अमेरिकन शर्यतपटू डॅन गर्नी याच्या ईगल गाडीचे इंजिन फार तापू लागले, तेव्हा सल्ल्यासाठी ज्यांना बोलावले त्यांत या अठ्ठावन्न वर्षांच्या बाई होत्या. १९६९ साली त्या निवृत्त झाल्या आणि १८ नोव्हेंबर १९९० रोजी वारल्या.

फार्नबरो गावात आज 'द टिली शिलिंग' नावाचे मद्यालय आहे. आणि २०१५ साली ब्रुकलँड्सच्या संग्रहालयाने त्यांचे शर्यतीतले बिल्ले आणि चषक मिळवून जपून ठेवले आहेत.